मल्हारीवरचा ठपका

कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली
१४ मार्च १९९५

विशू,

आशीर्वाद. मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, पण तिकडे डोंगरात टपाल कसं रखडतं ते तुझ्या बाबांच्या नोकरीपासून मला ठाऊक आहे. रागावलेली नाही.

मला अजून खासदारांचं घर मिळालेलं नाही. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्यांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी, असं म्हणतात. तोवर आपल्या राज्याच्या सदनातली ही खोली. दिवसभर कुणी ना कुणी 'मॅडम, मॅडम' करत असतं. संध्याकाळी गाड्या निघून गेल्या की मात्र मला हाक मारणारं कुणी उरत नाही. शाळेत हेडबाई होते तेव्हा रविवारीसुद्धा दारात पोरं असायची. इथे मी जेवणघरात मुद्दाम हळू जेवते. ताट उचलायला येणारा माणूस दोन वाक्यं बोलतो, तेवढंच.

एक बातमी. मला संरक्षण खात्याच्या स्थायी समितीत घेतलंय. मी शिक्षण मागितलं होतं. पक्षातले म्हणाले, तुमच्या तालुक्यात घरटी एक फौजी, तुमचा मुलगा मेजर, तुम्हीच योग्य. राजाभाऊ म्हणून विदर्भातले एक जुने खासदार शेजारच्या खोलीत असतात. दुसऱ्या पक्षाचे, याच समितीतले, पण माणूस मोकळा. ते म्हणाले, "वहिनी, त्या समितीत बिस्किटं फार चांगली असतात. जनरल लोक आदबीनं बोलतात. आपण मान डोलवायची आणि घरी यायचं."

गेल्या आठवड्यात शेवंता शिरतोडे आली होती. आपल्या शेजारच्या गावची, नायब सुभेदार मल्हारीची बायको. दीर बरोबर होता. दोन वर्षांपूर्वी नदी ओलांडायच्या सरावात तराफा उलटून पाच जण बुडाले, त्यात मल्हारी गेला. ते तुला मी कशाला सांगू. तू तिथंच होतास. चौकशीत ठपका मल्हारीवरच आला, की त्यानं तराफ्यावर जास्त माणसं भरली. म्हणून शेवंताला साधी पेन्शन लागली. पण ती पेन्शनसाठी आली नव्हती. म्हणाली, "बाई, गावात पोरं माझ्या पोराला म्हणतात, तुझ्या बापानं चार जण मारले. ज्याला बैलगाडीत एक पोतं जास्त घातलेलं खपायचं नाही, तो मानसं भरंल व्हय?"

मग तिनं विचारलं, "मेजरसाहेब तिथं होते ना? कधी काय बोलले का तुमच्याजवळ?"

मी नाही म्हणाले.

विशू, त्या दिवाळीच्या सुट्टीत तू स्वयंपाकघरात पाटावर बसून जे बोललास, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. शेवंतालाही नाही. तिला चहा दिला, स्टेशनवर सोडायला गाडीची सोय केली.

उत्तर लिही. चार ओळी चालतील.

आई

०

कोपर्निकस मार्ग
६ एप्रिल १९९५

विशू,

आशीर्वाद. आज समितीची बैठक झाली. आत जे बोललं जातं ते अहवाल सभागृहात मांडेपर्यंत बाहेर सांगायचं नसतं, म्हणून तुलाही सांगत नाही. मी काय नेसले होते ते सांगू शकते. तुझ्या लग्नातली जांभळी इरकल. राजाभाऊ म्हणाले, "वहिनी, आज काहीतरी बेत दिसतो."

बेत काही नव्हता. आल्यावर जेवण गेलं नाही. नोएडाला फोन लावला. प्रज्ञानं उचलला. म्हणाली, "आजी, मम्मी ऑफिसमधून आली नाही अजून. मी टीव्ही बघून राहिले. तू पण बघ ना, चॅनल चेंज करून." मी म्हटलं, इथे टीव्ही खाली हॉलमध्ये आहे, बाळ. तर म्हणते, "अच्छा, मग तू बोअर होत असशील." सहा वर्षांच्या पोरीला कळलं.

आज मी कुणाचं नाव घेतलं नाही, एवढं लिहून ठेवते. कुणाचंच नाही.

आई

०

कोपर्निकस मार्ग
२ मे १९९५

विशू,

तुझं पत्र मिळालं. आठ महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. पाकीट हातात घेऊन जिना चढताना मला आनंद झाला होता, हे आधी सांगते.

आता वर्तमानपत्रात सगळं छापून आलंय, म्हणजे आतल्या कुणीतरी बाहेर दिलं. मी दिलेलं नाही. राजाभाऊंनी दिलं असेल असं वाटलं म्हणून तोंडावर विचारलं. ते दुखावले. आता एकत्र चहा होत नाही.

छापलंय तर तुला नीटच सांगते. विषय होता वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बढत्यांची पद्धत. सभापतींनी सुरुवातीलाच बजावलं होतं, व्यक्तींची नावं घ्यायची नाहीत. सगळे आपापल्या भागातल्या कँटीनबद्दल, भरतीबद्दल विचारत होते. माझा नंबर आला तेव्हा मी माझ्या हिंदीत विचारलं, "एखाद्या अधिकाऱ्याच्या हाताखाली सरावात माणसं मेली, आणि पुढे त्याचं नाव वरच्या हुद्द्यासाठी गेलं, तर निवडणाऱ्यांच्या पुढे त्या चौकशीचे कागद असतात का?"

खात्याचे मोठे अधिकारी म्हणाले, "चौकशीत त्या अधिकाऱ्यावर ठपका नसेल, तर कागद ठेवायचं कारण नाही."

मी म्हटलं, "दोन वर्षांपूर्वीच्या नदीवरच्या सरावात ठपका कुणावर आला?"

त्यांनी मागे बसलेल्याकडे पाहिलं. कुणीतरी चिठ्ठी पुढे केली. म्हणाले, "एका नायब सुभेदारावर."

"त्यांना काय शिक्षा झाली?"

"मॅडम, ते त्याच अपघातात वारले."

"मग त्यांची बाजू कुणी मांडली?"

सभापतींनी घड्याळ पाहिलं आणि लेखी उत्तर द्या म्हणाले. एवढंच झालं. वायरलेसचा शब्द मी काढला नाही. त्या सरावाचे प्रमुख जनरल इंद्रजित कोचर यांचं नाव काढलं नाही. त्यांचं नाव लेफ्टनंट जनरलच्या यादीत आहे हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं. तेही छापून आल्यावर कळलं.

तू लिहितोस, "मेसमध्ये मी आत गेलो की बोलणं थांबतं. सगळ्यांना वाटतं मी आईच्या पदराआडून बंदूक चालवली. तुला मी मुलगा म्हणून सांगितलं होतं, खासदाराला नाही."

विशू, तू सांगितलंस तेव्हा मी खासदार नव्हते. पिठाचे हात होते माझे. तू म्हणालास, मल्हारीनं वायरलेसवर विचारलं होतं, पाणी चढतंय, थांबू का. आणि कोचरसाहेब म्हणाले, पाहुणे बघतायत, चालू ठेवा. तू तंबूत त्यांच्या शेजारी नकाशा धरून उभा होतास. मी विचारलं, मग चौकशीत हे सांगितलंस का? तू म्हणालास, "मला नकाशाबद्दल विचारलं, तेवढं सांगितलं. बाकीचं कुणी विचारलंच नाही."

समितीत मी जे विचारलं ते शेवंताच्या सांगण्यावरून. तुझ्याकडून ऐकलेलं नसतं तरी विचारलं असतं का? रोज सकाळी मी याचं उत्तर 'हो' देते. संध्याकाळपर्यंत खात्री राहत नाही.

तुझा दुसरा मुद्दा मला खोडता येत नाही. तू लिहितोस, "आज तू चांगल्या हेतूनं विचारलंस. उद्या कुणी आपल्या जातीच्या, आपल्या जिल्ह्याच्या जनरलसाठी विचारेल. फौज म्हणजे ग्रामसभा नव्हे." खरं आहे. समितीत तसे लोक मी पाहते. पण फौजेला विचारायचंच नाही, तर शेवंतानं कुठल्या दारात जावं? तुमच्या गेटवरचा शिपाई तिला आत सोडत नाही. मला सोडतात. मला सोडलं म्हणून मी विचारलं.

तू लिहिलंस, आता पत्र पाठवू नकोस. मी पाठवणार. तू फोडू नकोस हवं तर.

आई

०

कोपर्निकस मार्ग
२७ ऑगस्ट १९९५

विशू,

काल प्रज्ञाच्या वाढदिवसाला नोएडाला जाऊन आले. सुनयनानं बोलावलं होतं. तुला विचारून बोलावलं की न विचारता, हे मी तिला विचारलं नाही.

रिक्षावाला दिल्लीची हद्द संपते त्या पुलाच्या अलीकडेच थांबला. "माताजी, बॉर्डर के पार नहीं जाएंगे." मग दुसरी गाडी. तुमच्या सेक्टरमध्ये सगळ्या बिल्डिंगा एकसारख्या आणि रस्त्यांना नावंच नाहीत. अर्धा तास फिरले. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर गव्हाऐवजी लोखंडी सळया उभ्या आहेत, आणि लाईट गेली की सगळ्या जिन्यांमधून जनरेटर धडधडायला लागतात. घर सुंदर ठेवलंय तिनं. तुझा फोटो फ्रीजवर.

सुनयना दमलेली दिसली. कंपनीत अमेरिकेचं काम आहे, तिकडची सकाळ झाली की हिची बैठक सुरू. प्रज्ञाला शेजारच्या बाई सांभाळतात, म्हणून ती आता शेजारणीसारखं पंजाबी हेल काढून बोलते. मी तिला म्हटलं, उंबऱ्यावर बसू नकोस गं. तर, "आजी, उंबरा क्या होता है?" त्या फ्लॅटला उंबरा नाहीच. मी दाखवणार काय?

केक कापल्यावर सुनयना मला गॅलरीत घेऊन गेली. "आई, त्याचं बढतीचं बोर्ड जानेवारीत आहे. लेफ्टनंट कर्नलचं. तो रोज फोनवर ठीक आहे म्हणतो, तेवढंच. मी रिसीव्हर धरून बसते."

मी म्हटलं, "माझ्यावर रागावली आहेस?"

"माहीत नाही. यार, खरंच माहीत नाही." मग जीभ चावली. सासूला यार म्हणाली म्हणून. आम्ही दोघी हसलो. मग तीच म्हणाली, "त्याला झोप लागत नाही, ती तुमच्या प्रश्नापासून नाही. नदीपासून लागत नाही. हे मला एकटीला माहीत होतं. आता तुम्हालाही."

विशू, हे मला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात तू सांगितलंस आणि उठून हात धुतलेस, म्हणून मला वाटलं तू ते मागे टाकलंस.

समितीचा अहवाल या अधिवेशनात मांडला गेला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. त्यात आमचं एक वाक्य आहे. सरावातल्या मृत्यूंची चौकशी ज्याच्या हुकमाखाली सराव झाला त्याच्या हाताखालच्या माणसांनी करू नये, आणि बढतीच्या वेळी ते कागद निवडणाऱ्यांनी पाहावेत. एवढ्या जाड पुस्तकात एक वाक्य. सभापती काढून टाकणार होते. राजाभाऊ म्हणाले, "काढलंत तर मी वेगळी टीप जोडेन." मी त्यांच्यावर संशय घेतला होता. बैठकीनंतर त्यांना चहाला बोलवायला गेले तर ते नागपूरला निघाले होते.

आई

०

कोपर्निकस मार्ग
१९ नोव्हेंबर १९९५

विशू,

अहवालानंतर शेवंतानं जो अर्ज केला त्यावर फेरचौकशी लागली, आणि तुला साक्षीला बोलावलंय, हे मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस. मी कुणाला फोन केलेला नाही, एवढं मानशील तर मान. कोचरसाहेबांचं नाव तोवर थांबवलंय, असंही ऐकते.

तू काय सांगावंस ते मी लिहिणार नाही. पत्राचा पहिला खर्डा मी फाडला, कारण त्यात लिहिलं होतं.

फक्त इकडचं सांगते. थंडी पडली. सदनाच्या गच्चीवर उन्हाला बसते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या काही मुली रविवारी इथे जेवायला येतात. भाकरी मिळते म्हणून. त्यातली एक शिवांगी, लातूरकडची, मला विचारत होती, "मॅडम, आपल्या देशात जनरल नेमण्यावर संसदेचा अधिकार किती?" परीक्षेत येतो म्हणे प्रश्न. मी म्हटलं, नेमण्यावर काही नाही. नेमतं सरकार. आपण फक्त विचारायचं. ती म्हणाली, "बस्स? एवढंच?" आणि वहीत लिहून घेतलं.

मी तिला सांगणार होते, तेवढं केलं तरी काय होतं ते. पण तिचा वरण-भात गार होत होता.

तुझं बोर्ड दोन महिन्यांवर आहे. तुझ्यावरचे शेरे कोण लिहितं आणि त्यांचे मित्र कोण, एवढं मला समजतं. तू गप्प राहिलास तरी तू माझाच. बोललास तरी. हे वाक्य फाडलेल्या खर्ड्यात नव्हतं.

आई

०

कोपर्निकस मार्ग
११ फेब्रुवारी १९९६

विशू,

आशीर्वाद.

सगळं दुसऱ्यांकडून कळलं. थोडं सुनयनाकडून, बाकीचं शेवंताकडून. ती परवा आली होती, एकटी. या वेळी दीर बरोबर नव्हता. आता तिला गाड्या बदलायची सवय झाली.

साक्षीच्या दिवशी तिलाही बोलावलं होतं. ती बाहेर बाकावर बसली होती. म्हणाली, तू बाहेर आलास तेव्हा तुझ्या अंगावर कडक इस्त्रीचा युनिफॉर्म होता आणि तू तिच्यासमोर येऊन सॅल्यूट केलास. अधिकाऱ्यानं नायब सुभेदाराच्या बायकोला. आणि निघून गेलास. मग आतल्या कारकुनानं तिला सांगितलं, तू वायरलेसवरचं बोलणं साक्षीत सांगितलंस ते.

मल्हारीवरचा ठपका निघाला. तिला कागद आला. तो तिनं मला दाखवायला आणला नव्हता. पोराच्या शाळेत हेडमास्तरांना दाखवून ती सरळ इकडे आली. पूर्ण पेन्शन लागेल. पण ती पहिल्यांदा हे म्हणाली, की पोरगं आता बापाचं नाव पाटीवर पुरं लिहितं.

कोचरसाहेब आहे त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले. बँड वाजला, जेवणं झाली, वर्तमानपत्रात भाषण आलं. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं होतं मला आनंद होईल. राग येईल असंही वाटलं होतं. ज्या दिवशी पाहुण्यांना नको म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही, तो दिवस त्यांच्या मागून घरी गेला असेल का, एवढाच विचार आला.

आणि तुझं बोर्ड. सुनयनानं फोनवर सांगितलं, "नाही झालं, आई." मागे प्रज्ञा टीव्ही लावून बसली होती. तिला काय सांगितलं म्हणून विचारलं. म्हणाली, "सांगितलं की पप्पा मेजरच राहणार. तर ती म्हणाली, चलो, मग युनिफॉर्म नवा घ्यावा लागणार नाही." दोन्हीकडे कुणी फोन ठेवेना.

बोर्डात काय झालं, कशामुळे झालं, ते मला कुणी सांगणार नाही आणि मी विचारणार नाही. या एका बाबतीत मी विचारणार नाही. माझा मुलगा आहेस म्हणून मला तो हक्क नाही. तूच ते शिकवलंस मला, मे महिन्यात आलेल्या पत्रात.

आता शेवंताचं राहिलं. मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, शेवंता, तू गेल्या वर्षी विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. मी नाही म्हणाले. ती पदराशी खेळत बसली. मला वाटलं उठून जाईल. मग म्हणाली, "मला कळलं होतं बाई. तुम्ही चहात साखर दोनदा घातली. मी गप प्याले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं पोरगं जितं होतं. जित्या पोराचं आधी बघावं लागतं."

एवढं बोलून तिनं आपलं काम काढलं. तिला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. म्हणाली, "ह्यांचा आवाज शेवटचा कसा होता, ते त्या तंबूतल्या साहेबांनीच ऐकलंय, आन त्यातले मेजरसाहेबच सांगतील. भ्यालेला होता का रागानं बोलत होता? का नेहमीसारखाच, थोडा कुरकुरल्यासारखा? कागदात ते लिहीत नाहीत. साहेबांना म्हणावं, एकदा या आणि मला सांगा. दुसरं काय नको."

मी तिला म्हटलं, मी विशूला लिहीन. तो येईल की नाही ते सांगू शकत नाही. ती म्हणाली, "यील."

तर विशू, तुझी रजा चैत्रात असते. नोएडाला जाशील तेव्हा तिथून पुढे गावी जाऊन ये. आपलं घर झाडून ठेवायला सांगितलंय. किल्ली शेवंताकडे दिली. ती येईल आणि बाहेरच्या खोलीत बसेल. तिला चहा तू कर, ती करेन म्हणेल, करू देऊ नकोस. जे आठवेल ते सांग. काही आठवणार नसेल तर तसं सांग. ती फार वेळ बसणार नाही.

त्या वेळी मी तिथे नसेन. निवडणुका लागतायत, पक्षानं तिकिटाचं मला विचारलेलं नाही, मीही मागितलेलं नाही. म्हणजे समितीही संपली, बैठका नाहीत. बैठक नसली तरी मी दिल्लीतच असेन.

आई